'ऊन काय, पूर्वीही होतंच' म्हणणाऱ्या मित्राला काय सांगाल?

मार्च सरला की चहाच्या टपरीवर, नाक्यावर, विहाराच्या पायरीवर एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, "हवामान बदललंय, असं ऊन आधी नव्हतं." दुसरा म्हणतो, "सोड रे, आपले बाप-आजे याच उन्हात खडी फोडत होते." कधी हा वाद थट्टेवर जातो, कधी अबोल्यावर.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणी विचारील. कारण सरळ आहे. "मला सवय आहे" असं म्हणत भर दुपारी स्लॅबवर चढणारा तो मित्र आपलाच आहे. वादात तो जिंकला काय नि हरला काय, त्याचं अंग तापायचं थांबत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितलं होतं, की ऐकीव आहे, परंपरेनं चालत आलं आहे किंवा कुणी मोठा माणूस सांगतो आहे, एवढ्यावरून काही मानू नका. त्यानं हित होतं की अहित, ते स्वतः तपासा. मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजलाही हीच कसोटी लावायची आणि आम्ही इथं लिहितो आहोत त्यालाही. म्हणून मित्राचं म्हणणं उडवून न लावता एकेक मुद्दा घेऊ.

'ऊन पूर्वीही होतंच'

हे खरंच आहे. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा नवा नाही. पण फरक सरासरीत पडला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यानं हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. ही कालची अफवा नव्हे. या वायूचा हा गुण 1850 च्या दशकातच प्रयोगांनी दाखवला गेला होता. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. 2024 हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. त्या काळापेक्षा त्या वर्षी सरासरी सुमारे दीड अंश जास्त होती.

"दीड अंशानं काय होतं?" असं मित्र विचारील. सरासरी थोडी वर सरकली की फार तापणारे दिवस आणि न निवणाऱ्या रात्री कितीतरी वाढतात. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला रात्रीचा हा ताप वेगळा सांगावा लागत नाही.

'यंदा थंडीही कडाक्याची होती की!'

असेल. एका हंगामावरून हवामान बदललं की नाही हे ठरत नाही. त्यासाठी तीस-तीस वर्षांच्या नोंदी पाहाव्या लागतात. एका दिवसाच्या विक्रीवरून दुकान चालतं की बुडतं, हे कुठं कळतं?

'ही श्रीमंतांची चिंता आहे'

या म्हणण्यातला राग आम्हाला रास्त वाटतो. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला सुमारे 2 टन. वस्तीतल्या माणसाचा वाटा त्याहूनही कमी. म्हणजे बिघाड ज्यांनी जास्त केला, त्यांच्याकडे एसी आहे. ज्यांनी कमी केला, त्यांच्या डोक्यावर पत्रा. पण म्हणूनच ही चिंता आधी आपली आहे. तळ्याचं पाणी निसर्गाचं असलं तरी ते कुणाला मिळायचं हे माणसं ठरवत होती. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी झुंज दिली ती त्याविरुद्ध. सावली, पाणी आणि गारव्याचंही आज तसंच आहे. ते वस्तीपर्यंत येणं हा हक्काचा प्रश्न आहे.

'मला सवय आहे'

हे वाक्य सर्वांत धोक्याचं. शरीराला उन्हाची सवय होते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात आणि तिलाही मर्यादा आहे. घाम सुकतो तेव्हा अंग थंड होतं. हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि उष्णता आतच कोंडते. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघातानं 14 माणसं दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. आपल्या जयंतीच्या मिरवणुका आणि बुद्ध पौर्णिमेचे कार्यक्रम याच दिवसांत येतात, हे ध्यानात ठेवू या.

वाद सोडून आधी धावायचं केव्हा?

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायांत गोळे ही पहिली खूण. लगेच काम थांबवा, सावलीत बसा, थोडंथोडं पाणी प्या. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मधुमेह, बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी किती प्यावं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडंच असेल असं नाही, घामही असू शकतो. 108 ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं काम करत नाही.

लहान बाळं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि बीपीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

पटलं नाही तरी करता येईल असं

मे 2010 च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेच्या वर जास्त मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी सूचना देणं, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी आणि पुढं वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना, अशी कामं त्यातून झाली. आपणही पत्र्यावर चुना लावू शकतो. दुपारी विहार उघडा ठेवून तिथं पाण्याचे माठ आणि ओआरएस ठेवू शकतो. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढू शकतो. बारा ते चार जड काम नको, असं मुकादमाला चौघांनी मिळून सांगू शकतो. एकट्यानं दुखण्याचं नाव काढलं तर खाडा पडतो. चौघं बोलले तर ऐकावं लागतं.

यातल्या एकाही कामासाठी मित्रानं आधी हवामानबदल मान्य करायची गरज नाही. सम्यक वाचा म्हणजे खरं बोलणं, पण वेळ पाहून आणि समोरच्याच्या हितासाठी. चारचौघांत त्याला खोटं पाडलंत तर तो हट्टाला पेटेल. त्यापेक्षा विचारा, "दादा, गेल्या उन्हाळ्यात तुझ्या साइटवर किती जणांना चक्कर आली?" उत्तर त्याचं त्यालाच देऊ द्या. आणि तो उन्हात निघाला, तर पाण्याची बाटली हातात ठेवा. बाकीचा वाद संध्याकाळी.

जयभीम. नमो बुद्धाय.