पाण्यावरची रेषा

समुद्राच्या नकाशातली तुटक रेषा दाखवली की वर्गात प्रश्न येतोच, "बाई, पाण्यात रेषा कशी काढतात?" तुमच्याही मुलांनी विचारला असेल. मी ही गोष्ट सांगते.

११ ऑक्टोबर २०१३. लिबियाहून निघालेल्या बोटीत सीरियातली कुटुंबं होती. बोटीत पाणी शिरलं, एका डॉक्टरने सॅटेलाइट फोनवरून इटलीकडे मदत मागितली. बोट इटलीच्या लांपेदुसा बेटापासून ११३ किलोमीटरवर, माल्टापासून २१८. पण शोध-बचावाच्या वाटणीत तो भाग माल्टाकडे! म्हणून रोममधून सांगण्यात आलं, माल्टाला फोन करा. इटलीच्या नौदलाचं 'लिब्रा' जहाज तासाभराच्या अंतरावर होतं, त्याला वेळेत हुकूमच मिळाला नाही. पाचच्या सुमारास बोट उलटली. २००हून अधिक माणसं गेली, त्यात सुमारे ६० मुलं.

खरं तर ही रेषा म्हणजे सरहद्द नव्हे. बचावाची जुळवाजुळव कोणी करायची, एवढंच ती ठरवते. बुडणाऱ्याला मदत करणं जवळच्या जहाजावर तरीही बंधनकारकच असतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२१ मध्ये इटलीलाही जबाबदार धरलं.

मग मी पट्टी देते आणि दोन्ही अंतरं नकाशावर मोजायला लावते.