लग्न हा उपाय नव्हे!

आमच्या बचत गटातल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, मी मुलगीच आहे. लग्न लावलं की होईल ना ठीक?" मैत्रिणींनो, नाही होत! उलट दोन आयुष्यं नासतात. अंगारे-धुपारेही नकोत. 'सुधारून देतो' म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवलंय.

आधी मानसोपचारतज्ज्ञांशी निवांत बोलणं. नाव, पेहराव बदलूनच काहींचा जीव शांत होतो. पुढे हवी तर हार्मोन्स, पण ग्रंथितज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होऊ शकते. मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते, हे आधीच विचारून घ्यावं. शस्त्रक्रिया सगळ्यांनाच लागते असं नाही. ती वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच.