जाणिवेवर लागलेली पैज

मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली: २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कॉख यांनी हार मानली, वाइनच्या बाटल्याही दिल्या!

तिथेच दोन सिद्धान्तांच्या समोरासमोरच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. एक म्हणतो, माहिती मेंदूभर प्रसारित झाली की जाणीव होते, आणि त्यात कपाळामागचा भाग महत्त्वाचा. दुसरा तिला माहितीच्या एकसंध गुंफणीत, मुख्यतः मेंदूच्या मागच्या भागात शोधतो. दोघांचीही काही भाकितं फसली. मला पहिला जास्त पटतो. पण लाल रंग पाहताना मुळात काही का 'जाणवतं', या चाल्मर्स यांच्या कठीण प्रश्नाला तोही बगल देतो.

कॉख यांनी पुन्हा पैज लावलीय, २०४८ पर्यंतची. तुम्ही कोणाच्या बाजूने?