पाण्याचे बूच

उन्हाळ्याच्या सुटीत घराला कुलूप लावून महिना-दीड महिना परगावी राहावे, आणि परत येऊन दार उघडावे, तो न्हाणीघरातून गटाराचा वास! वऱ्हाडात हा अनुभव पुष्कळांना आहे. धारणीसारख्या तालुक्याच्या गावी नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबे मे महिन्यात आपापल्या गावी जातात, त्यांनाही तो येतो. इतके दिवस तर न्हाणी कोणी वापरलेलीच नसते. मग घाण आली कोठून? गंमत अशी, की न्हाणी वापरली नाही म्हणूनच ती आली. कशी, ते पाहू या.

तुमच्या घरी बेसिन असेल तर त्याच्या खाली वाकून बघा. सांडपाण्याची नळी सरळ खाली जात नाही. ती आधी वळण घेऊन पुन्हा वर चढते आणि मग भिंतीत शिरते. या वळणाला गवंडी व प्लंबर 'ट्रॅप' म्हणतात. न्हाणीच्या जाळीखालीही असाच एक ट्रॅप पुरलेला असतो. त्याचे नावच 'न्हाणी ट्रॅप'. बेसिनमधून कितीही पाणी सोडले तरी शेवटचे थोडे पाणी या वळणात अडकून राहते. ते पाणी म्हणजेच नळीचे बूच. वरून येणारे पाणी त्यातून सहज जाते, पण गटारातील हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू, झुरळे आणि डास यांना ते वर येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळे बनविणारे अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. त्यात ना झडप, ना स्प्रिंग. सारे काम पाणीच करते!

हे बूच साधारणपणे ५० मिलिमीटर खोल असते. आता त्याचे बळ किती ते काढू. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. म्हणजे ५ सेंटिमीटरचा स्तंभ वातावरणाच्या दाबाच्या केवळ दोनशेव्या हिश्शाएवढा दाब सोसू शकेल. दाबातील फरक याहून वाढला की बूच फुटते. वरच्या मजल्यावरून कोणी भरलेली बादली एकदम ओतली, तर पाणी उभ्या नळीतून दट्ट्यासारखे खाली धावते. त्याच्या मागे हवा विरळ होते आणि ट्रॅपमधील पाणी शोषले जाते. असे होऊ नये म्हणून सांडपाण्याची उभी नळी गच्चीच्याही वर नेऊन तिचे तोंड उघडे ठेवतात. कित्येक जण ती निरुपयोगी समजून बंद करतात. तसे कधीही करू नये.

बूच नाहीसे होण्याचे दुसरे कारण म्हणजे बाष्पीभवन. याचा वेग केवळ उष्णतेवर नव्हे, तर हवेच्या कोरडेपणावरही अवलंबून असतो. रत्नागिरीलाही मे महिन्यात घामाच्या धारा लागतात. पण तेथील हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने घाम वाळत नाही. वऱ्हाडची हवा तापलेली आणि कोरडी, म्हणून तर आपल्याकडे कूलर गार हवा देतो आणि कोकणात तो फारसा उपयोगी पडत नाही. जी कोरडी हवा कूलरचे पाणी झपाट्याने पिते, तीच बंद घरातील ट्रॅपचे पाणीही पीत असते. हिशेब करा: रोज फक्त सव्वा मिलिमीटर पाणी उडाले, तरी ५० मिलिमीटरचे बूच ४० दिवसांत संपते.

खेड्यांतील शौचालयात तर हे बूच मुद्दामच २० मिलिमीटर ठेवतात, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. उन्हाळ्यात लांबून पाणी आणावे लागणाऱ्या मेळघाटातील गावांना ते सोयीचेच आहे. पण वरच्याच वेगाने हे बूच १६ दिवसांत आटेल! मेळघाटातून मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे तर महिनोन्महिने घरी नसतात. बूच आटले की खड्ड्यापासून घरापर्यंत माशांना सरळ वाट मिळते, आणि माश्यांच्या पायांबरोबर हगवणीचे जंतू अन्नावर येतात.

ही शंका केवळ पुस्तकी नाही. २००३ साली हाँगकाँगच्या 'अमॉय गार्डन्स' या वसाहतीत सार्स या रोगाने तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले व ४२ दगावले. चौकशीत असे अनुमान निघाले, की अनेक न्हाणीघरांतील ट्रॅप कोरडे पडले होते आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांनी न्हाणीतला दाब कमी झाल्यामुळे सांडपाण्याच्या नळीतील दूषित तुषार घरात ओढले गेले. हाँगकाँग म्हणजे दमट समुद्रकिनारा. तेथेही न वापरलेला ट्रॅप वाळला. पुढे तेथील लोकांना आठवड्यातून एकदा जमिनीवरील प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओतण्याचा सल्ला देण्यात आला.

आपणही तेच करावे. गावी जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याच्या रेणूंची हवेत जाण्याची वाट अडवते. जाळीवर फरशीचा तुकडा झाकला तर आणखी चांगले.

हे खरे की खोटे, ते स्वतःच ताडून पाहा. दोन सारख्या पेल्यांत ५० मिलिमीटर पाणी घ्या. एकात चमचाभर तेल घाला. दोन्ही न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून रोज पट्टीने पाण्याची उंची मोजा व आलेख काढा. गवंडी पातळी पाहायला वापरतात तसल्या स्वच्छ पारदर्शक नळीला यू आकार देऊन त्यात थोडे पाणी भरा आणि एका टोकातून हळूच फुंका. दोन बाजूंच्या पातळीतील फरक हाच तुमच्या फुंकरीचा दाब. जोराने फुंकताच बुडबुडे निघतील. तुमचे बूच फुटले!

आणि शिक्षकांना एक विनंती. सुटीत शाळेची स्वच्छतागृहेही बंदच असतात. विदर्भात शाळा जूनअखेर भरतात, तोवर तेथील ट्रॅप कोरडे पडलेले असू शकतात. मुले येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भांड्यात आणि जाळीत बादलीभर पाणी ओतवून घ्यावे. पाऊस आणि माश्या त्याच सुमारास येतात.