पोलाद कापणारा किरण धुक्यात का अडतो?

मुरबाड तालुक्यातील धसई 2016च्या डिसेंबरात राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले. दुकानदाराच्या टेबलावरचे स्वाइप मशीन कार्ड वाचते, पण रेंज गेली की व्यवहार अडतो. मग डोंगरात केबल ओढत बसण्यापेक्षा पोलाद कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरनेच थेट संदेश का पाठवू नयेत, असे कुणालाही वाटेल. ताकद जास्त म्हणजे पल्ला जास्त, हा त्यामागचा समज मात्र चुकीचा आहे. या लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, आणि पाणी नेमका हाच अवरक्त प्रकाश अधाशासारखा शोषते. काही शतांश मिलिमीटरच्या थरात तो जवळपास संपतो. माळशेज घाटात पावसाळ्यात उतरणारे दाट धुके म्हणजे पाण्याचेच बारीक थेंब. तिथे किलोवॅटचा किरणही थेंब तापवण्यात खर्ची पडतो.

मग लेझर रडारसाठी, म्हणजे दूरच्या लक्ष्यावर प्रकाश टाकून त्याचा वेग मोजण्यासाठी, हाच लेझर का निवडला गेला? कारण कोरड्या, स्वच्छ हवेत 8 ते 14 मायक्रोमीटरचा पट्टा बराचसा मोकळा असतो आणि धुरळ्याचे बारीक कण एवढ्या लांब तरंगांना फारसे विखुरत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड स्वतःचाच प्रकाश गिळेल, ही शंका रास्त आहे. पण तो शोषायला रेणू आधीच उत्तेजित असावा लागतो आणि नेहमीच्या तापमानात असे रेणू थोडेच. खरी करामत परतलेला प्रकाश दुसऱ्या लेझरच्या प्रकाशात मिसळण्यात आहे. लक्ष्य सेकंदाला 1 मीटर वेगाने जवळ आले, तर वारंवारतेत सुमारे 189 किलोहर्ट्झचा फरक पडतो. 3 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ रडारला तो जेमतेम 67 हर्ट्झ मिळतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फायरपाँड येथे उपग्रहांचा मागोवा घ्यायला हेच तत्त्व वापरले गेले.

हे तंत्र सर्वस्वी परक्यांचे, असेही मानले जाते. प्रत्यक्षात हा लेझर 1964 मध्ये बेल प्रयोगशाळेत साकारणारे सी. कुमार एन. पटेल 1938 साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. नायट्रोजनच्या कंपनांची ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देण्याच्या युक्तीने त्यांनी या लेझरची कार्यक्षमता कितीतरी वाढवली, आणि माझ्या मते त्यांचे नाव आपल्या शाळांत याहून जास्त घेतले जायला हवे. तरीही गावोगावच्या ऑप्टिकल फायबरमध्ये हा लेझर नाही. काच 10.6 मायक्रोमीटरला जवळपास भिंतच असते. म्हणून फायबरमधून 1.31 आणि 1.55 मायक्रोमीटरचे छोटे अर्धवाहक लेझर संदेश वाहतात, ताकदीने कितीतरी दुबळे असूनही.