करडा रोहित आणि पुस्तकातला गुलाबी

वाचत असलेल्या पुस्तकाविषयी नुसते ‘छान आहे’ म्हणणे हे काही मत नव्हे! पक्ष्यांवरचे पुस्तक असेल, तर नवी मुंबईकरांना ते ठाण्याच्या खाडीवर पडताळता येते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात. एखादा वाचक मित्रांना सांगेल, ‘चित्र चुकले, मला तर करडा रोहित दिसला!’ त्याचे डोळे खरे, निकाल मात्र घाईचा. तो पक्षी अजून वयात आलेला नसतो. शेवाळ व कोळंबीसारखे बारीक जीव यांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये पिसांत उतरत गेली, की काही वर्षांनी तो गुलाबी होतो. प्राणिसंग्रहालयात ही द्रव्ये अन्नातून मिळाली नाहीत, तर मोठ्या रोहिताचाही रंग फिका पडतो. पुस्तकात लहान वयाच्या पक्ष्याचे चित्रच नसेल, तर ती तक्रार मात्र रास्त आहे.