बंद लॅपटॉपची नाडीपरीक्षा

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले की थोड्याच वेळात ‘भिलई पॉवर हाऊस’ नावाचे स्थानक लागते. वीजघराचे नाव धारण करणारी रेल्वे स्थानके आपल्या देशात फार नसावीत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे धगधगती ठेवावयाची असते. तिला रोज सकाळी उठून जागे करावे लागत नाही.

त्याच भिलईत आज घरोघरी एक निराळे यंत्र आले आहे. त्याला मात्र रोज बटण दाबून जागे करावे लागते, आणि एखाद्या दिवशी ते जागे होत नाही. त्याला ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हणतात. नाव खेळाचे असले तरी अभियांत्रिकी शिकणारी मुले त्यावर यंत्रांचे आराखडे काढतात आणि मोठमोठी गणिते सोडवितात, कारण खेळातील चित्रे हलविण्यासाठी जी शक्ती लागते तीच या कामांनाही लागते. आईवडिलांनी हप्त्यांवर घेतलेले हे यंत्र प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री गप्प बसले, म्हणजे साऱ्या घराची झोप उडते. मग बटण दहादा दाबले जाते, कोणी यंत्र थोपटून पाहतो, आणि अखेर ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल दुकानात जाण्यापूर्वीच दिला जातो. हा निकाल अनेकदा घाईचा असतो.

घाई होते याचे कारण असे की, बटण म्हणजे काय याविषयीच आपली समजूत जुनी असते. पूर्वीच्या रेडिओचे बटण फिरविले की विजेची वाट प्रत्यक्ष उघडत असे. लॅपटॉपचे बटण विजेची वाट उघडीत नाही. ते वाड्याच्या देवडीवर टांगलेल्या घंटेसारखे आहे. घंटा वाजली की आतला द्वारपाल उठतो आणि दार उघडावयाचे की नाही हे ठरवितो. हा द्वारपाल म्हणजे एक लहानशी नियंत्रक चिप. यंत्र बंद दिसत असतानाही ती जागी असते. बॅटरीत दम किती, ती फार तापली तर नाही ना, जोडलेला चार्जर ओळखीचा आणि पुरेशा ताकदीचा आहे की नाही, हे सारे ती पाहते. मगच निरनिराळ्या भागांना ठरलेल्या क्रमाने वीज सोडते. विजेच्या एखाद्या झटक्याने किंवा अर्धवट राहिलेल्या निद्रेमुळे हा द्वारपालच भांबावला, तर वाडा शाबूत असूनही दार उघडत नाही. बटण दहादा दाबून जे साधत नाही ते त्याला एकदा पुरते झोपवून साधते. त्यासाठी चार्जर काढावा, जोडलेल्या इतर वस्तूही काढाव्यात, आणि बटण अर्धा ते एक मिनिट सलग दाबून धरावे. आत उरलेला विद्युत्भार त्याने निघून जातो आणि नियंत्रक चिप पुन्हा प्रारंभापासून काम सुरू करते. नंतर केवळ चार्जर जोडून बटण दाबावे. पुष्कळ ‘मेलेली’ यंत्रे एवढ्यानेच उठून बसतात.

तत्पूर्वी वीज यंत्रापर्यंत पोचते आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. येथे खेळाच्या लॅपटॉपची भूक लक्षात घ्यावी लागते. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा असतो. याचा १८० वॅटपासून ३३० वॅटपर्यंत. भिंतीतील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तो सुमारे २० व्होल्टची एकदिश वीज देतो. दाब इतका उतरला की प्रवाह तितकाच वाढतो. २० व्होल्टला २३० वॅट म्हणजे साडेअकरा अँपिअर. स्नानगृहातील २००० वॅटचा गीझर नऊ अँपिअरहून कमीच प्रवाह घेतो! म्हणजे ऐन भरात असलेल्या लॅपटॉपच्या त्या करंगळीएवढ्या पिनेतून गीझरच्या जाड तारेहून अधिक प्रवाह वाहत असतो. पीन जराशी सैल झाली की ती तापते, काळवंडते आणि एके दिवशी स्पर्शच सोडते.

भिंतीकडच्या टोकालाही एक खास आपल्याकडची अडचण आहे. यातील कित्येक चार्जरांना १६ अँपिअरचा जाड तीन पायांचा प्लग असतो. अभ्यासाच्या टेबलाजवळ बहुधा ६ अँपिअरचे लहान सॉकेट असते, म्हणून मध्ये एक स्वस्त जोडणी येते आणि जड प्लग तिच्यात लोंबकळत राहतो. प्रवाहाच्या दृष्टीने लहान सॉकेटला तो जड नाही, कारण या टोकाला दीड अँपिअरच्या आसपासच मागणी असते; दोष असतो तो ढिलेपणाचा. तेव्हा चार्जर थेट दुसऱ्या खोलीतील मोठ्या सॉकेटला लावून त्यावरील दिवा पाहावा. दिवा भिंतीला लावताच लागतो पण लॅपटॉपला जोडताच विझतो, असे झाले तर बिघाड बहुधा यंत्राच्या आत आहे. दिवा मुळीच लागत नसेल, तर संशय आधी तारेवर आणि चार्जरवर घ्यावा. भिलईत विजेच्या कामात आयुष्य घालविलेला आणि घरी मल्टिमीटर बाळगणारा शेजारी सापडणे कठीण नाही. त्याने पिनेवर १९–२० व्होल्ट मोजून दाखविले तरी चार्जर निर्दोष ठरला असे नव्हे. भार पडताच मान टाकणारे चार्जरही असतात.

मित्राकडून आणलेला ६५ वॅटचा चार्जर लावून पाहिला व यंत्र उठले नाही, यावरूनही काही सिद्ध होत नाही. काही कंपन्यांचे चार्जर मधल्या सूक्ष्म तारेने आपली ओळख सांगतात. ओळख न पटल्यास यंत्र बॅटरी भरून घेत नाही. महिनाभर कपाटात पडून राहिलेल्या यंत्राची बॅटरी पुरती रिती झालेली असू शकते. तिला योग्य चार्जरवर तासभर ठेवावे आणि तोवर बटणाला हात लावू नये. वैशाखात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हे काम गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत करू नये. फार तापलेली बॅटरी भरणच नाकारते.

पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळा राहतो, हा प्रकार निराळाच. येथे यंत्र बंद नाही. त्याला दाखविता येत नाही, किंवा त्याची स्मृती जागेवर नाही. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका धरावा. पुसट चित्र दिसले तर मागचा प्रकाश तेवढा गेला आहे. घरातील टीव्हीला तारेने जोडून पाहावे. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर किती वेळा ते टिपून ठेवावे, कारण कंपनीच्या पुस्तिकेत त्या संख्येचा अर्थ दिलेला असतो. जाणकाराकडून, आधी आतील बॅटरीची जोडणी सोडवून, स्मृतीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसविल्यानेही पुष्कळदा काम होते. त्यानंतर नव्या पद्धतीची यंत्रे पहिल्या खेपेस काही मिनिटे काळीच राहतात. ती त्या पट्ट्यांची तपासणी करीत असतात. अधीर मनुष्य नेमका त्याच वेळी बटण दाबून सारे बिघडवितो.

एका लक्षणापाशी मात्र सर्व प्रयोग थांबले पाहिजेत. हाताखालची स्पर्शपट्टी वर आली, किंवा तळ फुगून यंत्र टेबलावर डगमगू लागले, तर आतली बॅटरी फुगली आहे. तिला दाबू नये, टोचू नये, चार्जर लावू नये. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

एवढे करूनही यंत्र निश्चल राहिले तर ते दुरुस्तीस जावे. पण महिनाभराचा प्रकल्प असतो साठवणुकीच्या स्वतंत्र लहान पट्टीवर; मदरबोर्ड गेला म्हणून तो जात नाही. ती पट्टी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. अडचण येते ती कुलपाची. विंडोज प्रणालीच्या पुष्कळ नव्या यंत्रांत ही साठवण आपोआप कुलूपबंद केलेली असते, आणि मदरबोर्ड बदलताच ती ४८ अंकांची किल्ली मागते. मालकाला अशी किल्ली असते हेच बहुधा ठाऊक नसते. यंत्र सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा उपयोग केला, त्या खात्यावर ती बहुतेक वेळा ठेवलेली असते आणि फोनवरूनही पाहता येते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून घ्यावी. तो कागद मात्र लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. पिशवी यंत्राबरोबरच दुकानात जाते.